तटाला लटकलेली खोली आणि गोव्याहून गेलेला गेंडा

गोव्यातला रेईश मागूश किल्ला बघितलाय का? तटाच्या कोपऱ्यांवर गोल पिंपासारख्या पिटुकल्या खोल्या आहेत, आत एखादा पहारेकरी मावेल एवढ्याच. पोर्तुगीजमध्ये त्याला गुआरिता म्हणतात. आपला बुरूज कसा जमिनीपासून दणकट चढत येतो, ही मात्र निम्मी हवेतच.

आता हा खटाटोप कशाला, तर तटावरून लांबचं सगळं दिसतं पण नेमकं पायथ्याशी कोण शिडी लावतोय ते दिसत नाही, बघायचं तर वाकायला लागतं आणि वाकला की खालून गोळी. कोपऱ्यातून खोलीच बाहेर काढली की दोन्हीकडचे तट शेवटपर्यंत नजरेत येतात, ते पण जंग्यांमधून म्हणजे भिंतीतल्या अरुंद भोकांमधून, डोकं बाहेर न काढता. तोफेचा गोळा मात्र या पातळ भिंतींना झेपणारा नव्हे, त्यामुळे तोफांच्या काळात तिचं काम मुख्यतः टेहळणीचंच राहिलं.

मग ती पडत कशी नाही? घरी करून बघा. एकसारखी 4 पुस्तकं टेबलाच्या कडेला एकावर एक ठेवा आणि वरून सुरुवात करून प्रत्येक पुस्तक खालच्याच्या पुढे सरकवा, लांबीच्या 1/2, मग 1/4, मग 1/6, आणि सगळ्यात खालचं टेबलाच्या कडेपुढे 1/8. बेरीज 25/24, म्हणजे सगळ्यात वरचं पुस्तक अख्खंच्या अख्खं टेबलाबाहेर! अर्थात हे अगदी काठावरचं गणित, फुंकर मारली तरी कोसळेल (माझं तिसऱ्या प्रयत्नात जमलं). गवंडी एवढी रिस्क घेत नाही. तो दगडाचा प्रत्येक थर थोडाथोडा बाहेर काढतो पण त्याची शेपटी भिंतीत खोलवर ठेवतो आणि वरच्या तटाचं वजन त्या शेपटीवर बसतं, बाल्कनीचा स्लॅब मागे घरात अडकवलेला असतो ना, तसंच काहीसं.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन, तिथल्या बेलें भागातल्या बुरुजावर अशा खोल्या आहेत, वर कलिंगडासारखे फाकी पाडलेले घुमट. त्यातल्या एकीच्या खाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजावर चढला आणि 20 मे ला लिस्बनला उतरला, बुरुजाचं बांधकाम तेव्हाचंच. पुढे पोपला भेट म्हणून पाठवला तेव्हा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला बिचारा. दगडातला अजून आहे, पण खाऱ्या वाऱ्याने इतका झिजलाय की कोणी सांगितल्याशिवाय गेंडा वाटतच नाही.