उड्या मारणारा मुडदा आणि एका शब्दाचा घोळ

तांदळातली भेसळ हा काही भयपटाचा विषय नव्हे. पण हाँगकाँगच्या 1985 सालच्या 'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये एका शिष्याचा जीव तिच्यावरच टांगलेला आहे. उठलेल्या मुडद्याने त्याला जखमी केलंय, अंगात प्रेताचं विष चढतंय आणि उतारा एकच: चिकट तांदूळ. गुरुजी दुसऱ्या शिष्याला बाजारात पिटाळतात. दुकानदार चार पैसे सुटावेत म्हणून चिकट तांदळात साधा तांदूळ मिसळून देतो. घरी तो तांदूळ जमिनीवर पसरला जातो आणि विष चढलेला शिष्य त्यावर अनवाणी नाचत राहतो, कारण थांबला तर अंग ताठ होणार. बघणाऱ्याला माल भेसळीचा आहे हे ठाऊक असतं, नाचणाऱ्याला नसतं. हसू येतं, आणि पोटात गोळाही येतो.

कुंग-फू, भूत आणि विनोद यांची ही भट्टी 1980 ते 1990 च्या सुमारास जमली. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण सुरुवात शेकडो वर्षं जुन्या लोककथांपासून करतात. त्या कथा आहेतच. पण हा प्रकार लोकांना का आवडला याचं उत्तर जुन्या पोथ्यांपेक्षा त्या दशकातल्या स्टुडिओंत आणि तालमींत जास्त सापडतं.

1970 च्या दशकाच्या अखेरीस हाँगकाँगचा मारधाडपट विनोदाकडे वळला होता. सूडाने पेटलेला, दात-ओठ खाणारा नायक मागे पडला आणि आळशी, उनाड, मार खाऊन शिकणारा नायक पुढे आला. दर चित्रपटाला लढाईची काहीतरी नवी तऱ्हा हवी असायची: दारुड्याची, माकडाची, कधी बाकड्यावर बसून लढण्याची. 1980 साली एका जाडजूड नट-दिग्दर्शकाने या यादीत मुडदा घातला. त्याचा नायक साधा गाडीवान. पैज लावून तो देवळात प्रेताबरोबर रात्र काढायला जातो, आणि ते प्रेत उठतं. तिथपासून पुढे मुडदा हीसुद्धा लढाईची एक शैलीच झाली.

ही शैली म्हणजे नेमकं काय, ते पाहण्यासारखं आहे. जिआंगशीला, म्हणजे या उड्या मारणाऱ्या चिनी मुडद्याला, कोपर नाही, गुडघा नाही. म्हणजे अवयव आहेत, पण वाकत नाहीत. हात समोर सरळ, पाय जुळलेले, पुढे जायचं तर उडी मारूनच. अशा देहाला लाथ मारली तर तो फळीसारखा मागे पडतो आणि टाचेवर तोल घेऊन फळीसारखाच परत उभा राहतो. हे करायला कमालीची लवचीक माणसं लागतात, कारण ताठ असल्याचं सोंग ताठ माणसाला जमत नाही. ती माणसं हाँगकाँगमध्ये तयार होती. चिनी संगीत-नाटकांच्या शाळांत लहानपणापासून कोलांट्या घेत वाढलेली ही पिढी. शाळा ओस पडत गेल्या आणि पोरं स्टंटमन म्हणून स्टुडिओत आली. 1985 च्या त्या चित्रपटातला मुडदा साकारणाऱ्या नटाने एकेकाळी ब्रूस लीच्या जागी कोलांट्या मारल्या होत्या, आणि त्याच्याशी लढणारा जोडभुवयांचा गुरूही ब्रूस लीच्याच स्टंट-चमूतला. थोडक्यात, पडद्यावर जिवंत आणि मेलेला झुंजत असले तरी मैदानात दोन जुने सहकारी एकमेकांचं वजन झेलत होते. ही झुंज आजच्या संगणकी भुतांपेक्षा जड वाटते ती त्यामुळेच.

चित्रपटाने 2 कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर धंदा केला. दिग्दर्शकाचा तो पहिलाच चित्रपट. पुढच्या तीन वर्षांत तीन पुढचे भाग आले, नकला किती आल्या त्याला सुमार नाही.

आता शब्दाच्या घोळाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथे अडकली आहे.

जिआंगशी म्हणजे शब्दशः ताठरलेलं प्रेत. हाँगकाँगच्या कँटनी भाषेत उच्चार वेगळा, जपानी लोक त्याला क्योन्शी म्हणतात, अक्षरं तीच. शब्दात रक्ताचा मागमूस नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या चिनी कथासंग्रहांतला जिआंगशी माणसाला धरतो, आवळतो, त्याचा प्राण शोषतो, काही कथांत माणूस खातो. एका गाजलेल्या गोष्टीत धर्मशाळेत उतरलेल्या प्रवाशामागे एक प्रेत लागतं. प्रवासी झाडाआड लपतो, प्रेत झाडासकट त्याला कवटाळायला जातं, आणि सकाळी लोक पाहतात तो प्रेताची बोटं खोडात रुतून बसलेली. मानेचा चावा, वटवाघूळ यातलं काहीच नाही.

मग रक्त कुठून आलं? युरोपातला ड्रॅक्युला चिनी पडद्यावर पोचला तेव्हा त्याला काय म्हणायचं हा प्रश्न पडला. थडग्यातून उठणाऱ्या मढ्यासाठी शब्द हाताशी होता, त्याला एक विशेषण जोडलं आणि तो झाला 'रक्त शोषणारा जिआंगशी'. काउंट महाशय चिनी भाषेत जिआंगशी ठरले. पुढे चिनी जिआंगशी इंग्रजीत न्यायची वेळ आली तेव्हा तोच रस्ता उलटा धरला गेला, आणि ताठरलेलं प्रेत 'व्हॅम्पायर' झालं. एकाच पुलावरून दोघं विरुद्ध दिशांनी गेले आणि पलीकडे पोचल्यावर एकमेकांचे कपडे घालून बसले. मानेचा चावा, चावलेल्याचाही जिआंगशी होणं, ही सगळी या प्रवासात लागलेली धूळ आहे. 1974 साली एका ब्रिटिश भयपट कंपनीने हाँगकाँगच्या बड्या स्टुडिओबरोबर ड्रॅक्युलालाच चीनमध्ये आणून पाहिलं. तिथल्या पिशाच्चांना सोनेरी मुखवटे होते, कुंग-फूही होतं.

'मिस्टर'चा घोळ त्याहून मजेदार. चिनी नावात जिआंगशीच्या पुढे 'सिन्सांग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ श्रीयुत होतो, मास्तर होतो, आणि जमिनीचा, थडग्याच्या जागेचा शकुन पाहणाऱ्यालाही लोक तेच म्हणतात. आपल्याकडे 'गुरुजी' म्हटलं की शाळेतले की सत्यनारायणाचे हे संदर्भावरून कळतं, तसंच. म्हणजे चिनी नाव 'श्रीयुत मुडदे' असंही वाचता येतं आणि 'मुडद्यांचे गुरुजी' असंही. इंग्रजी नावाने पहिला अर्थ उचलला. मला दुसरा जास्त खरा वाटतो. हा चित्रपट पिशाच्चाचा नाहीच, तो एका व्यावसायिकाचा आहे. गुरुजी प्रेतं सांभाळून ठेवण्याच्या जागेतच राहतात. त्यांचा चष्मेवाला सहकारी घरापासून दूर मेलेल्यांना रांगेने उड्या मारायला लावत रात्रीच्या रात्री त्यांच्या गावी पोचवतो. प्रेतं म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं. त्यांच्यापुढे उदबत्ती लावायची, त्यांना थोपवून धरणारा कपाळावरचा मंतरलेला कागद सुटू द्यायचा नाही, आणि ठरल्या वेळी निघायचं.

मराठी वाचकाने या घोळावर फार हसू नये. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी 1870 साली रिचर्ड बर्टनने इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचाही 'व्हॅम्पायर'च झाला होता. खांद्यावर बसून कोडी घालणारा, स्मशानातल्या प्रेतात शिरलेला आपला वेताळ, त्याचा मानेशी काय संबंध! गंमत अशी की चिनी बौद्ध भाषांतरकारांनी हे काम तेराशे वर्षांपूर्वी जास्त नीट केलं होतं. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात भाषांतरित केलेल्या भैषज्यगुरू सूत्रात वेताळासाठी येणारा शब्द आहे 'प्रेत उठवणारं भूत'. वेताळातूनच जिआंगशी निघाला असं मी म्हणत नाही. पण नात्याने बघायचं तर तो ड्रॅक्युलापेक्षा आरवलीच्या वेतोबाला जवळचा. त्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावभर चालतो आणि त्या झिजतात.

ताठ प्रेत उड्या मारत गावी जातं, ही कल्पना हुनान प्रांताच्या पश्चिम भागातली. डोंगराळ मुलूख, लांब कामाला गेलेली माणसं, आणि परक्या मातीत पुरलं तर आत्म्याला थारा नाही ही श्रद्धा. प्रेतं हाकत नेणारे लोक तिकडे असत अशी परंपरा सांगते. एक खुलासा असा की दोन लांब बांबूंना प्रेतं ओळीने उभी बांधून पुढे-मागे दोघं खांदा देत, आणि बांबू लवला की लांबून पाहणाऱ्याला प्रेतं उडी मारत चालल्यासारखी दिसत. खुलासा पटो न पटो, त्यामागची गरज खरी होती. हाँगकाँगमध्येच 1899 साली एका धर्मादाय संस्थेने शवपेट्या ठेवण्यासाठी मोठी वास्तू बांधली. परदेशात मेलेल्या चिनी कामगारांचे अवशेष तिथे येत आणि मूळ गावी जाण्याची वाट पाहत. 1949 साली चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर ती वाट अवघड झाली आणि कित्येक पेट्या तिथेच राहिल्या. ज्या शहरात हे घडलं तिथल्या प्रेक्षकाला 'घरी न पोचलेलं प्रेत' समजावून सांगावं लागत नव्हतं.

आपण जाळतो, म्हणून आपलं भूत सहसा बिनदेहाचं. झाडावर, विहिरीत, तिठ्यावर. जिआंगशीला मात्र देह आहे, आणि तो ओळखीचा आहे. 1985 च्या चित्रपटात वडिलांची कबर शकुनासाठी हलवायची म्हणून एक श्रीमंत माणूस पेटी उकरून घेतो. वीस वर्षांनंतरही प्रेत कुजलेलं नाही. ज्या शकुन्याची जागा बळकावून ती कबर केली होती, त्याने मुद्दाम दफनात खोट ठेवलेली असते. गुरुजी शिष्यांना पेटीवर सुताराच्या दोरीने शाईच्या रेघा मारायला सांगतात. आपल्याकडे सुतार रंगात भिजवलेली दोरी ताणून फळीवर सोडतो, तीच युक्ती. पोरं चारही बाजूंना, झाकणावर जाळं विणतात. पेटीचा तळ राहून जातो. प्रेत बाहेर येतं आणि पहिला बळी घेतं ते पोटच्या मुलाचा.

या प्रकाराची ओढ मला इथे दिसते. भीती मोठी आहे, पण तिला नियम आहेत, आणि उपाय स्वयंपाकघरात नि सुताराच्या पेटीत मिळतात: तांदूळ, कोंबड्याचं रक्त, दोरी, आरसा, पीचच्या लाकडाची तलवार. त्याला श्वासावरून माणूस कळतो, म्हणून श्वास रोखला की तुम्ही त्याच्यालेखी नाहीत. घराला उंच उंबरठा असला की त्याला आत येता येत नाही. नियम सोपे, पाळणारे धांदरट. दर वेळी घोटाळा होतो तो कामचुकारपणामुळे किंवा दुकानदाराच्या लबाडीमुळे.

अंगावरच्या पोशाखाबद्दल मात्र वाद आहे. जिआंगशी नेहमी चीनच्या शेवटच्या, छिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याच्या वेषात: गर्द झगा, गळ्यात मण्यांची माळ, शेंडीवजा गोंड्याची टोपी. डिसेंबर 1984 मध्ये ब्रिटन आणि चीनने करारावर सह्या केल्या आणि 1997 साली हाँगकाँग चीनकडे जाणार हे पक्कं झालं. अकरा महिन्यांत हा चित्रपट आला. अभ्यासकांनी दोन्हींची गाठ मारली: उत्तरेकडून येणारा ताठ, आंधळा, जुना साहेब म्हणजे बीजिंग. मला हे वाचन जरा फारच सोयीचं वाटतं. कथा छिंग राजवट 1912 साली पडल्यानंतरच्या वर्षांत घडते, वीस वर्षांपूर्वी मेलेला पैसेवाला माणूस त्याच वेषात पुरला जाणार. आणि मुडदा पडद्यावर 1980 सालीच होता, वाटाघाटी सुरू होण्याआधी. करारामुळे प्रेक्षकांच्या हसण्याला वेगळी धार आली असेल, इतकं मी मान्य करीन.

पोशाखापेक्षा बोलका आहे तो कपाळावरचा कागद. पिवळ्या कागदावर हिंगुळाने लिहिलेल्या मजकुराची सुरुवात बहुधा दोन अक्षरांनी होते, अर्थ साधारण 'हुकूम आहे'. दरबारी फर्मानाची भाषा. जिवंतपणी ज्याने आयुष्यभर हुकूम काढले आणि पाळले, तो मेल्यावरही कागद चिकटला की जागच्या जागी उभा राहतो, आणि वाऱ्याने कागद उडाला की मोकळा. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही हा विनोद भाषांतराशिवाय कळेल.

हाँगकाँगबाहेर ही लाट सर्वांत उंच गेली जपानमध्ये. 1986 पासून तैवानमधून लहान मुलीला नायिका करून आलेल्या मालिकेने तिथल्या पोरांना वेड लावलं. कपाळावर कागद चिकटवून, हात पुढे करून उड्या मारणं हा खेळच झाला. 1989 च्या गेमबॉयवरच्या 'सुपर मारिओ लँड'मध्ये शेवटच्या, चिनी वळणाच्या राज्यात उड्या मारणारा एक शत्रू आहे. त्याच्यावर पाय दिला की तो आडवा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उठतो. आपल्याकडच्या ज्या पोरांनी तो खेळ खेळला, त्यांची जिआंगशीशी ओळख नाव न कळता झाली.

उतार लवकर आला. 1990 नंतर तेच गुरुजी, तोच झगा, तोच तांदूळ. गुरुजींच्या नटाला लोकांनी दुसऱ्या भूमिकेत फारसं स्वीकारलं नाही, तो टीव्ही मालिकेतही तेच करत राहिला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, शहराचं हस्तांतर झाल्यावर चार महिन्यांनी, 44 व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेला. चीनशी झालेल्या 2003 च्या व्यापारी करारानंतर हाँगकाँगच्या निर्मात्यांना चीनची मोठी बाजारपेठ खुणावू लागली, आणि तिथल्या सेन्सॉरवाल्यांना भुताखेतांचं, अंधश्रद्धेचं वावडं.

2013 साली जुन्या नटांना गोळा करून एक चित्रपट निघाला. जागा सरकारी वसाहतीची जुनाट इमारत, रंग राखाडी, विनोद जवळजवळ शून्य. 1985 मध्ये प्रेतांची रांग हाकणारा तो चष्मेवाला सहकारी आठवतो? तोच नट इथे मांत्रिकांच्या घराण्यातला शेवटचा वारस आहे. धरायला जिआंगशी उरले नाहीत, म्हणून तो झोपायच्या कपड्यांत इमारतीतल्या खाण्याच्या टपरीवर उभा राहतो आणि कढईत चिकट भात परतून विकतो.