पाण्यात उतरल्यावरच कळले मलावीचे सिक्लिड

आपल्याकडे दुकानात यलो लॅब म्हणून जो पिवळाधमक मासा मिळतो ना, तो आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला सिक्लिड (सिक्लिड हे माशांचं एक कुळ). त्याचं शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, आणि सेरुलियस म्हणजे चक्क निळा! जीवशास्त्रज्ञ जेफ्री फ्रायरनी १९५६ मध्ये नाव ठेवलं तेव्हा त्यांच्यासमोर सरोवराच्या काठावरच्या न्खाटा बे चे निळसर-पांढरे मासे होते, पिवळे त्याच किनाऱ्याला पण वेगळ्या खडकांवर राहतात.

मलावी सरोवर जवळपास ५८० किमी लांब. प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथे १८५९ ला पोचला, त्याच्यासोबतच्या जॉन कर्कने जमवलेले मासे लंडनला गेले आणि १८६४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्युंथरने त्यांचं वर्णन छापलं. पुढे कितीतरी वर्षं हेच चाललं, मासे जाळ्यात, तिथून टिकवण्यासाठी स्पिरिटच्या बरणीत. आता बरणीत रंग उडतो, सगळे मासे करडे-तपकिरी दिसतात, आणि या खडकातल्या माशांचा आकार इतका सारखा की रंग गेला की ओळखच गेली. त्यांना म्बुना म्हणतात तो शब्दही तिथल्या टोंगा लोकांचा.

मग अ‍ॅक्वेरियमचा धंदा सुरू झाला, जिवंत रंगीत मासे हवेत म्हणजे कोणीतरी खाली जायलाच पाहिजे, आणि ते काम केलं स्थानिक डायव्हर्सनी. कुठल्या खडकावर कुठला रंग हे त्यांना तोंडपाठ, माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी माहितगार माणसं हीच. १९८३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ टोनी रिबिंक आणि सहकाऱ्यांनी डायव्हिंग करून केलेला सर्व्हे आला तेव्हा कळलं की नुसत्या म्बुनाच्याच जवळपास २०० जाती आहेत, कित्येकींना तर नावच नव्हतं.

आणि वागणं तर बरणीत कुठून दिसणार? कालिगोनो नावाचा मासा वाळूवर आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो, अंगावर सडल्यासारखे डाग, छोटे मासे कुरतडायला आले की झडप! यलो लॅबची मादी अंडी तोंडात धरते, गळ्याखाली पिशवीसारखं फुगतं आणि साधारण तीन आठवडे ती जवळपास काहीच खात नाही. टँकमध्ये पाहिलं तरी जीव कळवळतो.

१९९० मध्ये सिक्लिडचे अभ्यासक अ‍ॅड कोनिंग्सनी इथल्याच एका माशाला सॉलोसी नाव दिलं, सॉलोस म्वाले या मलावीच्याच डायव्हरवरून. नर निळे, माद्या पिवळ्या. सरोवरातल्या चिझुमुलू बेटाजवळच्या ज्या एका छोट्या रीफवर (पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यावर) तो सापडतो तिथून धंद्यासाठी इतका पकडला गेला की आता तो नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे.