दूधगंगेकाठची भोई गल्ली: एका अक्षराच्या घोळाची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात नदीकाठच्या कुठल्याही गावात शिरा, पाण्याकडची शेवटची गल्ली बहुधा भोयांची असते. पुढे मळीची रानं, मग नदी. भोजजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा पुढे यडूर-कल्लोळच्या अंगाला कृष्णेत जाते. या तीन पाण्यांवर या गल्ल्या पोसल्या.

जुन्या काळाबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. मासेमारी हा भोयांच्या चार धंद्यांतला एक होता, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. पावसाळ्यात तर चालवायची, म्हणजे नावेतून माणसं पैलतीराला न्यायची, लग्नसराईत मेणे वाहायचे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळवंटात कलिंगडं-काकड्या लावायच्या. काही घरांत फुटाण्यांची भट्टी. नाव नसेल तिथं गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटायची, नाहीतर वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायची. गावकऱ्यांकडून तरीचे पैसे रोख क्वचितच मिळत. सुगीला खळ्यावर धान्य मापून मिळे.

मग कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी असे बंधारे झाले, त्यांच्यावरून रस्ते गेले आणि तर संपली. दर पावसाळ्यात हेच बंधारे पाण्याखाली जातात आणि 'वाहतूक ठप्प' म्हणून बातमी येते. पूर्वी नेमके तेच दिवस भोयांच्या कमाईचे असत.

1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यापुढचं सीमा आंदोलन, 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 चा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे सगळं इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्या कहाणीत न येणारी गोष्ट अशी, की नदीच्या दोन काठांवरचे सोयरे पुढं दोन वेगळ्या याद्यांत जाऊन पडले. दत्तवाडचा भोई महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) मध्ये. समोरच्या मलिकवाडचा भोई कर्नाटकात मागासवर्गांच्या प्रवर्ग 1 मध्ये, बेस्त, अंबिग (अंबिगेर), कब्बलिग, कोळी या नावाडी-मच्छीमार जातींच्या ओळीत. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात सवलतीला चालत नाही. म्हणजे बंधारा ओलांडून इकडं नांदायला आलेल्या लेकीचा माहेरचा कागद ट्रंकेतच राहतो.

खरा घोळ याच्याही पुढचा आहे. कर्नाटकात 'भोवी' नावाचा समाज अनुसूचित जातींत आहे. भोवी म्हणजे वड्डर: दगड फोडणारे, विहिरी-तळी खणणारे लोक. त्यांचा जाळ्याशी किंवा नावेशी काही संबंध नाही. पण भोई आणि भोवी यांत फरक एका अक्षराचा, आणि मराठी घरातलं नाव कानडी दप्तरात उतरताना ते अक्षर इकडचं तिकडं व्हायला वेळ लागत नाही. चुकून 'भोवी' लिहिलं गेलं तर पुढं पडताळणीत माणूस लबाड ठरतो. बरोबर 'भोई' लिहिलं तर टेबलामागून प्रश्न येतो, म्हणजे भोवीच ना? माझ्या पाहण्यातल्या एका घरात तीन सख्ख्या भावांचे तीन कागद आहेत. थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर भोई, मधल्याच्या अंबिगेर, धाकट्याच्या नुसतं 'हिंदू मराठा'. बाप एक, नाव एक, जाळंही एकच. वड्डर समाजाचा आक्षेप चुकीचा नाही. दुसऱ्यानं आपल्या ताटातलं घेऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण हा दोष भोयांच्या माथी मारायचं कारण नाही. चूक लिहिणाऱ्याची होती आणि ती निस्तरायला भोई वर्षानुवर्षं तालुक्याला खेटे घालतोय.

कानडी अंबिगेर शेजाऱ्यांची मागणी वेगळी आहे. त्यांना अनुसूचित जमातींत जायचंय आणि ती मागणी अनेक वर्षं लोंबकळतेय. 2020 मध्ये कायदा होऊन 'तळवार' आणि 'परिवार' ही नावं नायक समाजाची म्हणून त्या यादीत आली. तळवार हे मुळात गावच्या राखणदारीचं काम. ते नाव अनेकांनी लावलेलं, त्यामुळं तिथंही नवा वाद उभा राहिला. मराठी भोई या भांडणात कुठल्याच बाजूला धड बसत नाही. गल्लीतली पोरं 21 जानेवारीला अंबिगर चौडय्यांच्या जयंतीला जातात, आषाढीला घरातले म्हातारे पंढरीला. बाराव्या शतकातला नावाडी शरण (लिंगायत संत) आणि विटेवरचा विठोबा, दोघांनाही त्याची अडचण नाही.

धंद्याचं म्हणाल तर सुताची जाळी जाऊन तंगुसाची, म्हणजे नायलॉनची आली. ती स्वस्त, पण फाटली की टाकून द्यायची. मरळ आणि वांब कमी झाले, चिलापी माजली. पंचगंगेत घाण पाण्यानं मासे तरंगले की खालच्या अंगाच्या गल्ल्यांत दोन दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही. उन्हाळ्यात नदी कोरडी पडते आणि वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून दोन राज्यांत पत्रापत्री सुरू होते. 2005 आणि 2019 च्या पुरात या गल्ल्याच आधी पाण्यात गेल्या. नदीला खेटून असल्यावर दुसरं काय होणार.

जूनमध्ये पहिलं गढूळ पाणी आलं की मात्र चढणीच्या माशांसाठी अजून सगळी गल्ली रात्री ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बसते. सकाळी बायका पाट्या घेऊन निपाणीच्या बाजारात. गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, नदीचा की तळ्याचा?" मावशी बोलत नाही, माशाचा कल्ला उघडून लाल दाखवते.