व्यायामासाठीचा संगीत प्लेअर

धावताना, चालताना, पोहताना किंवा व्यायामशाळेत गाणी ऐकण्यासाठी अंगावर वागवायचे छोटे उपकरण. घरात किंवा प्रवासात ऐकण्याच्या प्लेअरकडून आवाजाची गोडी, मोठा पडदा आणि भरपूर जागा यांची अपेक्षा असते. व्यायामाचा प्लेअर वेगळ्या कसोटीवर पारखावा लागतो. धक्के, घाम, पाणी आणि दमलेली बोटे या चार गोष्टींपुढे तो टिकला पाहिजे. या चारांत जो नापास होतो, त्याची बाकीची वैशिष्ट्ये कितीही मोठी असली तरी पहिल्या पावसाळ्यापर्यंत तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो.

तालावर अंग मेहनतीला लागते, हे लेझीम खेळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. हलगीची लय वाढली की पाय आपोआप उचलले जातात. या अनुभवाची मोजणीही झाली आहे. अमेरिकेत लिओनार्ड आयर्स यांनी १९११ साली सायकल शर्यतीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बँड वाजत असताना स्वारांचा वेग अधिक असल्याचे त्यांना आढळले. पुढच्या काळात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागॉर्गिस यांनी या विषयावर प्रदीर्घ संशोधन केले. हलक्या आणि मध्यम व्यायामात संगीतामुळे श्रम कमी जाणवतात, पण दम पुरता लागल्यावर शरीराचीच हाक मोठी होते आणि हा परिणाम ओसरतो, असे त्यातून दिसते. बहुतेक व्यायामांना मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची गाणी मानवतात. धावणाऱ्याची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात. म्हणून ८०-९० ठोक्यांचे गाणेही चालते, दर दोन पावलांना एक ठोका बसतो.

उपकरणांचा इतिहास हा एका अर्थी धक्क्यांशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. कॅसेट वाजवणारा सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्याचे वजन ३९० ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला लावून धावले की तो मांडीवर आपटत राही. १९८३ साली आलेल्या पिवळ्या स्पोर्ट्स वॉकमनला झाकणाभोवती रबराची कड होती, त्यामुळे पाण्याचे शिंतोडे आत जात नसत. व्यायाम करणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या सुरुवातीच्या उपकरणांत त्याचा मान मोठा आहे. १९८४ साली खांद्याला अडकवता येणारा सीडी प्लेअर आला, पण पळताना तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. चकतीवरचा लेझर प्रत्येक पावलाला जागा सोडी आणि गाणे तुटे. त्यावर चकती पुढे पुढे वाचून काही सेकंदांचे गाणे स्मृतीत साठवून ठेवण्याची युक्ती निघाली. ती चालली, मात्र बॅटरी भराभर संपू लागली.

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या ॲपलच्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती. त्यातही आगाऊ साठवणीची सोय होती, तरी फिरते भाग आणि धावणारे शरीर यांचे कधी नीट जमले नाही. खरा सुटकेचा श्वास फ्लॅश स्मृतीने दिला. तिच्यात हलणारे काहीच नसते, त्यामुळे कितीही उड्या मारल्या तरी गाणे अडत नाही. २००५ चा आयपॉड शफल पडद्याविना होता. २००६ च्या दुसऱ्या पिढीत त्याला पाठीवर चिमटा मिळाला आणि वजन साधारण १५ ग्रॅमवर आले. टी-शर्टाच्या गळपट्टीला लावला की तो आहे हेही विसरायला होई. २००९ च्या तिसऱ्या पिढीत बटणे काढून इअरफोनच्या वायरीवर नेली. मग आपला नेहमीचा, कानाला सवयीचा इअरफोन जोडला की गाणे बदलायची सोयच उरली नाही. ग्राहक नाराज झाले आणि २०१० मध्ये बटणे परत आली. प्लेअर निवडताना काय पाहायचे, हे या एका घटनेइतके दुसऱ्या कशातूनही शिकायला मिळत नाही. २०१७ साली शफलचे उत्पादन थांबले. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेतले प्लेअरही याच घडणीचे, शिवाय त्यांतल्या काहींत मेमरी कार्डाची खाच आणि एफएम रेडिओ असे.

बटणांचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, हे घामेजल्या हातांनी स्पर्शपडदा वापरून पाहिला की कळते. असा पडदा बोटातील विद्युतभारावर चालतो. खारट घामाचा थेंब त्याला बोटासारखाच वाटतो, मग आवाज मनाने वाढतो नाहीतर गाणे मध्येच उडते. अंगठ्याला न बघता सापडणारे, दाबल्यावर टक् असे जाणवणारे बटण हवे. बटणे चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून कुलुपाची कळही हवी.

साठवणुकीची चिंता मात्र फारशी करू नये. १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाच्या एमपी३ गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी लागते. म्हणजे ४ जीबीत जवळपास ७० तासांची गाणी बसतात. रोज एक तास पळणाऱ्याला तेवढी दोन महिने पुरतील.

पाण्यापासूनचे संरक्षण ‘आयपी’ क्रमांकाने सांगतात. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. चाचणी साध्या, संथ पाण्यात होते. घामातले मीठ, तलावातले क्लोरीन यांचा त्यात हिशेब नसतो. घाम बहुधा वायरीवरून ओघळत जोडणीच्या खाचेत उतरतो. वायर खाचेच्या खाली थोडी झोळदार सोडली की थेंब तिथूनच टपकतो. चार्जिंगला लावण्याआधी खाच कोरडी पुसावी.

पोहणाऱ्यांसाठी गणित निराळे आहे. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेते, त्यामुळे काठावर फोन ठेवून पाण्यात गाणी ऐकता येत नाहीत. गाणी उपकरणातच साठवलेली लागतात. सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ हा ४ जीबीचा, कानात बसणारा प्लेअर समुद्राच्या पाण्यातही चालेल असा बनवला आहे. फिनिस या कंपनीचे प्लेअर गॉगलच्या पट्ट्याला अडकून गालाच्या हाडावर टेकतात आणि आवाज हाडावाटे पोचवतात. पाण्याखाली ही पद्धत चांगली चालते, कानात बोळे घातले तर आणखी स्पष्ट.

इअरफोनची निवड जागेवर ठरते. कान घट्ट बुजवणारे बोळेवाले इअरफोन व्यायामशाळेत उपयोगी, कारण तिथल्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही. पण ते घालून धावले की स्वतःच्याच पावलांचे धप्प धप्प डोक्यात घुमते आणि शर्टाला घासणाऱ्या वायरीची खरखर कानात शिरते. वायर कानामागून वळवून शर्टाच्या आतून घेतली की खरखर बरीच कमी होते. रस्त्यावर मात्र कान मोकळे ठेवणारे इअरफोन घ्यावेत, निदान एक कान उघडा असावा. पहाटेच्या अंधारात मागून येणारी गाडी आधी कानाला कळते, आणि याबाबत गाण्यासाठी तडजोड करण्यासारखे काहीच नाही. आवाजाच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास.

आज बहुतेक जण फोन किंवा गाणी साठवणारे मनगटी घड्याळ वापरतात. घड्याळ हा चांगला पर्याय आहे. फोन दंडाला बांधला तरी दोनशे ग्रॅमच्या घरात जातो, आणि मध्येच वाजला की लय मोडते. म्हणून जुन्या चिमटेवाल्या प्लेअरना अजून मागणी आहे. ते वापरलेले घेताना आधी बॅटरी तपासावी. लिथियम बॅटरी पडून राहिली तरी म्हातारी होते. पूर्ण चार्ज करून गाणी लावून ठेवावीत आणि किती वेळ वाजतात ते घड्याळ लावून पाहावे. मग प्लेअर गळपट्टीला लावून, डोळे मिटून, जागच्या जागी उड्या मारत एक गाणे पुढे सरकवून पाहावे.