बरणी फुटली की लोणचं फसफसलं?

पुण्याहून मेसेज येतो, 'ताई, बरणी फुटलीये.' सोबत तेलानं माखलेल्या खोक्याचा फोटो. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरातून सासूबाईंच्या हातचं कैरीचं लोणचं आणि थोड्याफार महेश्वरी साड्या ऑनलाइन जातात, त्यामुळे असे मेसेज अंगवळणी पडलेत. गिऱ्हाइकाच्या लेखी गोष्ट एकच असते: माल खराब निघाला, पैसे द्या. त्यात चूकही नाही. पण विकणाऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी शोधायला हवं की माल वाटेत मोडला, की घरातून निघाला तेव्हाच बिघडलेला होता. दोन्हीचा फोटो सारखाच दिसतो, पुढची कामं मात्र पार वेगळी.

हे आम्ही मार खाऊन शिकलो. एका जूनमध्ये 'तेल गळलं' अशी तक्रार आली. कुरियरवाल्याला दोन शिव्या मनातल्या मनात हासडल्या आणि त्याच दिवशी दुसरी बरणी पाठवली. तीही गळली. मग नागपूरहून तिसरी तक्रार. तेव्हा कुठे फडताळ उघडून बघितलं, तर त्याच बॅचच्या उरलेल्या बरण्यांची झाकणं वर फुगलेली. दमट हवेत फोडी नीट सुकल्या नव्हत्या आणि मीठही हात राखून पडलं होतं. पाणी राहिलं, लोणचं आंबलं, वायू तयार झाला आणि त्यानं तेल झाकणाच्या फटीतून बाहेर ढकललं. कुरियरवाला बिचारा निर्दोष होता. आम्ही मात्र भरपाई म्हणून बिघडलेलंच लोणचं पुन्हा पाठवलं होतं, वर वाहतूक खर्च आमचाच.

तेव्हापासून फोटो मागताना आम्ही नेमकं सांगतो. वाटेतल्या मोडतोडीची साक्ष खोकं देतं: सगळ्या बाजू, पत्त्याचं लेबल, आतलं गुंडाळलेलं कागदाचं आवरण. म्हणून पहिलं वाक्य 'खोकं टाकू नका' हे. (काच तडकली असेल तर त्याच्याही आधी 'लोणचं खाऊ नका'.) कोपरा चेपलेला, बरणीला तडा, तर वाट दोषी. खोकं ठणठणीत, काच अभंग, झाकण मात्र फुगलेलं आणि तेलात बुडबुडे, तर दोष आपल्या स्वयंपाकघरात. इथे खोक्याचा फोटो निरुपयोगी, लेबलावरचा बॅच नंबर महत्त्वाचा, कारण त्याच बॅचची आणखी कोणाकोणाला गेली ते त्यावरून कळतं.

वाटेत मोडलं असेल तर एकच नग गेलेला असतो. गिऱ्हाइकाला दुसरा नग किंवा पैसे, जे हवं ते लगेच द्यावं आणि मग कुरियरच्या मागे लागावं. तिथे 'हो जाएगा, भिया' या शब्दांवर विसंबू नये. तक्रार लेखी द्यावी, कारण पावतीमागच्या बारीक अक्षरांत मुदत छापलेली असते आणि ती बऱ्याचदा अगदी थोड्या दिवसांची असते. माल ट्रान्सपोर्टनं गेला असेल, तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिल्याशिवाय दावाच लावता येत नाही.

इथे एक मधलीच भानगड आहे: अपुरी पॅकिंग. गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर माल वाटेत फुटला. कुरियर म्हणतो, तुम्ही बांधलाच तसा. खरं सांगायचं तर पुष्कळदा त्याचं बरोबर असतं. आपणही पॅकिंगमध्ये हात आखडतो, कारण भाडं नुसत्या वजनावर लागत नाही. अनेक कुरियर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात. 30 × 20 × 20 चं खोकं म्हणजे 2.4 किलोचं भाडं, आत किलोभराची बरणी असली तरी. ते पाहून खोकं लहान केलं की काचेभोवती बोटभर जागा उरत नाही. मी आता मोठंच खोकं घेते आणि भाव थोडा चढा ठेवते.

मुळातला दोष असेल तर बदली नग पाठवायच्या भानगडीत पडू नये. पैसे परत करावे, ती बॅच विक्रीतून काढावी आणि ज्यांची तक्रार अजून आली नाही त्यांनाही आपणहून कळवावं. याला धीर लागतो. सासूबाई आधी तयार नव्हत्या, 'कशाला आपणच ओढवून घ्यायचं?' म्हणाल्या. पण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात विकणाऱ्या, विक्रेत्याला सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं गिऱ्हाइकाला आपल्याच गावात तक्रार लावता येते. लोणच्याच्या एका बरणीपायी पुण्याच्या तारखा कोण करणार?

खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही म्हणून भरपाई नाकारणं मला पटत नाही. भूक लागलेला माणूस आधी बरणी उघडतो, कॅमेरा नाही. खोटी तक्रार करणारे भेटतात, पण आमच्याकडे निघतानाच्या वजनाची आणि बॅचची वही आहे, बऱ्याचदा तेवढी पुरते.

साडीत गोष्ट आणखी गंमतीची. प्लास्टिक फाटून पाणी शिरलं तर वाटेतली मोडतोड. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पदरावर उतरला तर दोष. आणि हातमागाच्या विणीत एखादा धागा जाड आला, तर दोन्हीही नाही, ती हातमागाची खूण. पण हे विकताना लिहिलं नसेल, तर नंतर सांगितलेलं सबब वाटते. एका बाईंनी 'काठाची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते' म्हणून पैसे मागितले होते. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता यावा म्हणूनच तसा विणतात. त्यांना तसं कळवलं, तेव्हा त्यांनी साडी ठेवून घेतली, आणि आम्ही विक्रीच्या मजकुरात ती ओळ घातली.