अळीचं आतडं पतंगाला का चालत नाही

बारामती-इंदापूरकडचे रेशीम उत्पादक पाचव्या अवस्थेतल्या अळीवर सातव्या-आठव्या दिवशी बारीक लक्ष ठेवतात. तिने पाला सोडला, विष्ठा ओलसर झाली, अंग पारदर्शक दिसू लागलं, की अळी 'पिकली' आणि ती चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, घ्यायची. बाहेरून दिसतं ते पोट रिकामं होणं. आत मात्र आतड्याचं अख्खं अस्तर बदलायला निघालेलं असतं.

जुन्याच पेशी नवं रूप घेतात की नव्या पेशी जागा घेतात, हा वाद जुना आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ वाइसमानने 1864 मध्ये माशीच्या अळीत जुन्या ऊती विरघळताना आणि प्रौढ अवयव राखीव पेशीपुंजांतून उभे राहताना दाखवले. रशियन प्राणिशास्त्रज्ञ कोवालेव्हस्कीने 1887 मध्ये भक्षक पेशी हा मलबा गिळताना पाहिल्या. हुकूम कोण देतं, हे कळायला बराच वेळ लागला. 1954 मध्ये बुटेनान्ड्ट आणि कार्लसन या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञांनी 500 किलो रेशीमकोषकांतून 25 मिलिग्रॅम एकडायसोन, म्हणजे कात टाकायला आणि रूप बदलायला लावणारं संप्रेरक, वेगळं केलं.

आतड्यातला घटनाक्रम त्यानंतर उलगडत गेला. फळमाशीच्या अळीतल्या पचन पेशी विभागतच नाहीत. डीएनएच्या प्रती वाढवत त्या नुसत्या फुगतात, म्हणून त्यांची डागडुजी शक्य नसते. त्यांच्या मधोमध छोट्या पूर्वज पेशींची, म्हणजे पुढे नव्या पेशी बनवणाऱ्या पेशींची, बेटं असतात. कोष धरताना एकडायसोनची लाट येते, बेटं पसरून एकमेकांना मिळतात, नवं अस्तर तयार होतं आणि जुनं पोकळीत गळून 'पिवळा गोळा' बनतं. ते मरतं कसं, याचं उत्तर 2009 च्या प्रयोगांनी दिलं: कॅस्पेज (पेशीचा ठरलेला मृत्यू घडवणारी विकरं) रोखले तरी पेशी मरतात, स्वभक्षण (पेशीने स्वतःचेच भाग पचवणं) रोखलं की मरण लांबतं. प्रौढ माशीच्या आतड्यात मूलपेशी, म्हणजे विभागून नव्या पेशी पुरवत राहणाऱ्या पेशी, आहेत, हे 2006 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी सांगितलं. उत्सर्जनाच्या माल्पिघी नलिका मात्र अळीच्याच पुढे चालू राहतात. सगळंच मोडीत निघत नाही.

पुण्यात हे फळमाशीत प्रयोगशाळेत बघायचं तर वेळ मोजताना पांढरी, हलेनाशी झालेली कोषपूर्व अवस्था शून्य तास धरावी आणि तापमान 25 अंशांवर ठेवावं. 12 तासांच्या आसपास डोकं बाहेर पडतं. एप्रिल-मेमध्ये खोलीत ठेवलेल्या बाटल्यांत हे तास जुळत नाहीत, इन्क्युबेटर लागतोच. भरल्या पोटाच्या अळीचं आतडं कापताना फाटतं आणि सूक्ष्मदर्शकासाठी दिलेला रंग अन्नाने बिघडतो. म्हणून भटकू लागलेली, पोट रिकामं झालेली अळी घेणं बरं.

घाटेअळीच्या आतड्यातही स्तंभाकार आणि गॉब्लेट (पेल्याच्या आकाराच्या) पेशींच्या तळाशी मूलपेशी असतात आणि त्या कोषाची वाट पाहत बसत नाहीत. बीटी या जिवाणूचं कीटकनाशक विष स्तंभाकार पेशींना भोकं पाडतं. मात्रा कमी पडली तर अळी खाणं थांबवते, मूलपेशी ती जागा भरतात आणि अळी जगते. त्यामुळे बीटीच्या चाचणीत नुसते मृत्यू मोजून भागत नाही, वाचलेल्या अळ्यांचं वजनही नोंदवावं लागतं.