मोठ्या शार्कचा माग : २००१ चा घोळ आणि पुढे

गोव्यात मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर उतरणारी मोरी, म्हणजे शार्क, बहुतेक लहानच असते. आंबट-तिखाच्या कालवणाला तीच चालते. मोठ्या शार्कचा विषय निघाला की लोक उपग्रह-टॅगपासून, म्हणजे शार्कच्या अंगाला लावलेल्या आणि उपग्रहाला ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्रापासून, सुरुवात करतात. तो इतिहास थोडक्यात असा: १९८२ मध्ये स्कॉटलंडजवळ एका बास्किंग शार्कचा १७ दिवस माग घेतला गेला आणि २००३-०४ मध्ये एक पांढरी शार्क मादी दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आली.

आपल्या किनाऱ्यावर खरा गुंता कायद्याचा होता. सौराष्ट्रात तेल आणि मांसासाठी व्हेल शार्कची शिकार होई. मे २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं. इथवर ठीक. पण जुलैत सगळेच शार्क आणि पाकट तिथे गेले, म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्यात रोज येणारी मोरी कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसली. मच्छीमार खवळले, आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. जुलैचा हुकूम अमलात येण्याजोगा नव्हताच. पण डिसेंबरची माघारही घाईचीच. करवत मासे, गंगेतला शार्क यादीत राहिले. समुद्र ओलांडणारे हॅमरहेड आणि थ्रेशर शार्क यादीबाहेर गेले. २०१३ मध्ये शार्कचे पर (पंख) कापून वेगळे न करता अंगासकट उतरवण्याची सक्ती आली, २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली. यादी नीट वाढायला मात्र २०२२ ची दुरुस्ती यावी लागली.

मधल्या काळात टॅगचं गाजलेलं काम झालं तेही संरक्षित व्हेल शार्कवरच, २०११ पासून गुजरातेत.

टॅगलाही मर्यादा आहेत. पाण्याखालून संदेश जात नाही. सुटून वर येणारा टॅग उजेडाच्या नोंदीवरून जागा सांगतो, पण विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळीकडे सारखाच असल्याने अक्षांश चुकतो आणि शार्क पहाटे खोल गेला तर सूर्योदयच हुकतो. व्हेल शार्कची बुडी १,९२८ मीटरपर्यंत नोंदली गेली आहे.

अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरखाली प्राणवायू फार कमी असतो. पूर्व अटलांटिकमधल्या अशाच पट्ट्यावर निळे शार्क उथळ बुड्या मारतात आणि लाँगलाइनच्या (गळ लावलेल्या लांबलचक दोरीच्या) गळांना जास्त लागतात, हे टॅगमुळेच कळलं. गोव्यात मासेमारी १ ऑगस्टला सुरू होते. ते कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्यालगत वर चढतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे ऐन हंगामात.